दिसतंय, पण जाईना

१९८४ साली ‘अॅनेस्थेशिया’ या ब्रिटिश नियतकालिकात आर. एस. कॉरमॅक आणि जे. लेहेन या दोन भूलतज्ज्ञांचा सात पानांचा लेख आला. बाळंतिणीच्या शस्त्रक्रियेत भूल देताना श्वासनलिकेत नळी घालणं अवघड गेलं तर काय, हा त्याचा विषय. आज कराडच्या कृष्णा रुग्णालयात, मिरजेच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात किंवा सांगलीच्या भारती विद्यापीठाच्या रुग्णालयात भूलशास्त्र शिकायला आलेला रेसिडेंट पहिल्या काही आठवड्यांत जे पाठ करतो, त्यात या लेखातली चार चित्रं असतात. चित्रं पाठ्यपुस्तकातून येतात, तोंडी परीक्षेत विचारली जातात, भुलीच्या कागदावर ‘सीएल ग्रेड २’ अशी एवढीशी नोंद होऊन बसतात. मूळ लेखापर्यंत मात्र क्वचितच कुणी जातं. मला तो अलीकडे फार जवळचा वाटू लागला आहे. नियोजित शस्त्रक्रियांमध्ये कुठला व्हिडिओ लॅरिंगोस्कोप सरस हे ठरवणारे इतके अभ्यास होताहेत, आणि बहुतेकांच्या हातातली मोजपट्टी हीच आहे, म्हणून.

आधी प्रसंग काय असतो ते सांगतो. पूर्ण भूल द्यायची तर रुग्णाला मास्कमधून ऑक्सिजन देतात, मग झोपेचं औषध, मग स्नायू सैल करणारं. या शेवटच्या औषधानं त्याचा स्वतःचा श्वास थांबतो. इथून पुढची काही मिनिटं तो सर्वस्वी डोक्याशी उभ्या असलेल्या माणसाच्या हवाली असतो. त्या माणसाच्या डाव्या हातात लॅरिंगोस्कोप असतो. त्याचं वाकडं ब्लेड तोंडाच्या उजव्या बाजूनं आत जातं, जिभेला डावीकडे सारतं आणि जिभेच्या मुळाशी असलेल्या खळग्यात टोक टेकवतं. हात पुढे-वर उचलला की एपिग्लॉटिस, म्हणजे स्वरयंत्रावरची कूर्चेची पातळ पाती, वर सरकते. तिच्याआडून दोन पांढुरके स्वररज्जू आणि त्यांच्यामधला काळा त्रिकोण दिसतो. नळी त्या त्रिकोणातून जायची असते. ऑक्सफर्डच्या रॉबर्ट मॅकिंटॉश यांनी हे वाकडं ब्लेड १९४३ मध्ये ‘लॅन्सेट’मधून जगापुढे ठेवलं. आजही आपल्याकडच्या ओटीत, म्हणजे शस्त्रक्रियागृहात, लॅरिंगोस्कोप मागितला की सिस्टर बहुधा तेच पुढे करतात.

कॉरमॅक आणि लेहेन यांनी या दृश्याच्या चार पायऱ्या केल्या. स्वरद्वाराचा बहुतेक भाग दिसला तर पहिली. फक्त मागची कड दिसली तर दुसरी. स्वरद्वार अजिबात नाही, नुसती एपिग्लॉटिस दिसली तर तिसरी. तीही दिसली नाही तर चौथी. एवढंच आज शिकवलं जातं. मूळ लेखात मात्र प्रत्येक वाक्याला दुसरा अर्धा भाग आहे. पहिल्या पायरीपुढे लिहिलंय, अडचण नाही. दुसरीपुढे, थोडी अडचण येऊ शकते. तिसरीपुढे, बऱ्यापैकी गंभीर अडचण. चौथीपुढे, खास युक्तीवाचून अशक्य. म्हणजे वाक्यांची बांधणी ‘असं दिसलं तर असं होईल’ अशी आहे. डोळ्याला काय दिसलं आणि हाताला काय जमेल, यांची सांगड घालून ती वाक्यं उभी आहेत. लेख पुढच्या पिढ्यांच्या हाती पडता पडता त्यातला ‘तर’ झडून गेला आणि नुसते आकडे उरले. माझ्या मते व्हिडिओ उपकरणांच्या तुलनेतला पुष्कळसा गोंधळ या गळालेल्या अर्ध्या वाक्यातून आला आहे.

त्या काळात ही सांगड खरीच होती. मॅकिंटॉशच्या ब्लेडनं बघायचं तर डोळ्यापासून स्वरद्वारापर्यंत सरळ रेषा लागते. मान किंचित पुढे, डोकं मागे, जीभ बाजूला, जबडा वर, हा सगळा खटाटोप त्या रेषेसाठी. रेषा मिळाली की नळीही त्याच वाटेनं जाते. जे दिसतं तिथे पोचता येतं. त्यामुळे दृश्य मोजलं की अडचण आपोआप मोजली जायची. लेखकांनी ही गोष्ट वेगळी बोलून दाखवलेली नाही, कारण १९८४ साली ती बोलून दाखवायची गरज नव्हती.

पण चार पायऱ्या हा या लेखाचा गाभा नव्हेच. त्या वाचकाला पुढच्या मुद्द्यापर्यंत नेण्यापुरत्या आहेत. ब्रिटनमध्ये तेव्हा बाळंतिणींच्या मृत्यूंच्या कारणांत भूल हे एक ठळक कारण होतं आणि त्यातही नळी न जाणं हे पुन्हा पुन्हा पुढे येत होतं. लेखकांनी हिशेब मांडला: घात करते ती मुख्यतः तिसरी पायरी. ती विरळ आहे. इतकी विरळ, की नव्या भूलतज्ज्ञाला पहिल्या काही वर्षांत ती भेटणारही नाही. आणि पहिल्यांदा भेटेल ती कदाचित मध्यरात्री, सिझेरियनच्या टेबलावर, दोन जीव समोर असताना. मग ज्या गोष्टीची गाठच पडत नाही तिची तयारी कशी करायची?

त्यांचं उत्तर मला अतिशय सुंदर वाटतं. रोजच्या, ठरलेल्या शस्त्रक्रियेच्या रुग्णात, जिथे सगळं सोपं आहे तिथे, नेहमीसारखं ब्लेड घालायचं, स्वररज्जू नीट बघून घ्यायचे, आणि मग ब्लेड मुद्दाम थोडं खाली सोडायचं. एपिग्लॉटिस खाली येते, रज्जू झाकले जातात, पहिल्या पायरीची तिसरी पायरी होते. आता न बघता, मॅकिंटॉश यांच्या रीतीनं, लवचीक सळईच्या आधारानं नळी घालायचा सराव करायचा. नाही जमलं तर? ब्लेड पुन्हा उचलायचं, रज्जू होते तिथेच असतात. रुग्णाला धोका जवळपास नाही, शिकणाऱ्याच्या हाताला मात्र अवघडाची ओळख होते. अवघड वेळ आल्यावर काय करायचं याची शिस्त अॅबरडीनच्या मायकेल टन्स्टॉल यांनी १९७६ मध्ये घालून दिली होती. कॉरमॅक आणि लेहेन आपली तालीम तिला नम्रपणे जोड म्हणून देतात.

लेखाचा स्वर बघण्यासारखा आहे. कुठे शोधाचा गाजावाजा नाही, उपकरण विकायचं नाही, आकडेमोड आहे तीही भीती घालण्यासाठी नाही. ‘अननुभवी माणूस अवघडाला सामोरा जाणार आहे, त्याला आधी तयार करा’ एवढीच काळजी पानापानांतून जाणवते. ज्या माऊलीचं नावही कुणाला ठाऊक नाही, जी अजून रुग्णालयात आलेलीसुद्धा नाही, तिच्यासाठी आजच्या सोप्या शस्त्रक्रियेत दोन मिनिटं काढायची. शास्त्रीय लेखनात अशी माया क्वचित इतक्या कोरड्या भाषेत मावलेली दिसते.

रज्जू बघण्याची ही गोष्ट मुळात फार जुनी आहे. स्वररज्जू जिवंत माणसात पहिल्यांदा नीट पाहिले ते एका गायनशिक्षकानं. मॅन्युएल गार्सिया हे लंडनच्या रॉयल अकॅडमी ऑफ म्युझिकमध्ये गाणं शिकवत. १८५४ साली त्यांनी दंतवैद्याचा लांब दांड्याचा आरसा घशात धरला, दुसऱ्या आरशानं त्यावर ऊन पाडलं आणि स्वतःचेच रज्जू हलताना पाहिले. पुढच्या वर्षी त्यांचं निरीक्षण रॉयल सोसायटीपुढे वाचलं गेलं. मिरजेत हे सांगताना मला नेहमी वेगळंच वाटतं. ज्या गावात सतारमेकर तंबोऱ्याचे भोपळे घडवतात, जिथे अब्दुल करीम खाँ राहिले आणि मिरासाहेबांच्या दर्ग्यात दरवर्षी त्यांच्या स्मरणार्थ गाणं होतं, त्याच गावात १८९४ मध्ये मिशन हॉस्पिटल सुरू झालं आणि विजापूर-अथणीपासूनचे रुग्ण आजही उपचारांना येतात. गळ्याकडे आदरानं बघायचं शिक्षण या गावाला दोन्हीकडून मिळालं आहे.

गार्सियांचं बघणं आरशातलं, म्हणजे वळसा घेऊन केलेलं होतं. १८९५ मध्ये बर्लिनच्या आल्फ्रेड किर्स्टाइन यांनी सरळ बघण्याची रीत दाखवली आणि पुढची शंभर वर्षं सरळ रेषेचं राज्य राहिलं. व्हिडिओ लॅरिंगोस्कोप आला तेव्हा आपण पुन्हा गार्सियांच्या वाटेला लागलो. कॅनडातले शल्यचिकित्सक जॉन पेसी यांचा ग्लाइडस्कोप २००१ च्या सुमारास आला. ब्लेडच्या टोकाजवळ कॅमेरा, समोर पडदा. डोळा आता रुग्णाच्या दातांबाहेर राहत नाही, थेट जिभेच्या वळणापलीकडे जाऊन बसतो. मान वाकवायची, जबडा ताकदीनं उचलायचा, याची गरज कमी झाली. आणि कॉरमॅक-लेहेनची तिसरी पायरी पडद्यावर पुष्कळदा पहिली होऊन दिसू लागली.

नेमक्या इथे सांगड तुटली. डोळा वळणापलीकडे गेला, नळी मात्र अजून तोंडातूनच निघते आणि वळण तिला स्वतःला पार करावं लागतं. आपल्याकडच्या ओटीत हे वाक्य हमखास ऐकू येतं. वरिष्ठ म्हणतात, “अरे दिसतंय ना लख्ख, मग घाल की!” आणि रेसिडेंट घामाघूम होऊन म्हणतो, “दिसतंय की सर, पण जाईना झालंय.” हे वाक्य हसण्यावारी न्यायचं नाही. नियोजित शस्त्रक्रियेतल्या व्हिडिओ उपकरणांच्या तुलनेचं सगळं सार त्यात आहे.

‘जाईना’चे प्रकार उपकरणागणिक वेगळे आहेत, आणि तुलनेतला खरा रस तिथेच आहे. सी-मॅकचं नेहमीचं ब्लेड किंवा मॅकग्राथ मॅक घ्या. आकार मॅकिंटॉशच्याच घराण्यातला, हात ओळखीचा. पडदा धुकटला किंवा रक्तानं माखला तर नजर थेट तोंडात टाकून काम पुढे नेता येतं. इथे नळी फारशी रुसत नाही. त्यांचं बघणं मात्र कोपऱ्यापलीकडे फार जात नाही.

ग्लाइडस्कोप किंवा सी-मॅकचं डी-ब्लेड यांचं वळण जास्त तीव्र आहे. इथे दृश्य सुरेख मिळतं. पण नळीत स्टायलेट, म्हणजे आकार देणारी सळई, घालून तिला ब्लेडइतकाच बाक द्यावा लागतो. टोक रज्जूंमधून आत शिरतं आणि श्वासनलिकेच्या पुढच्या भिंतीला टेकून अडतं, कारण बाक वरच्या दिशेचा आणि श्वासनलिका मागे-खाली उतरणारी. मग सहकाऱ्याला सांगून स्टायलेट थोडं मागे ओढायचं, नळी बोटांत फिरवायची, तेव्हा ती घसरून आत जाते. आणखी एक धोका आहे. नळी तोंडात शिरल्यापासून पडद्यावर दिसेपर्यंतचा टप्पा कॅमेऱ्याला दिसतच नाही. सगळे जण पडद्याकडे बघत असताना तिचं टोक मऊ टाळूत किंवा टॉन्सिलजवळच्या पडदीत रुतल्याच्या नोंदी आहेत. म्हणून शिकवतात: ब्लेड घालताना तोंडाकडे बघा, मग पडद्याकडे, नळी घालताना पुन्हा तोंडाकडे, मग पुन्हा पडद्याकडे. नजरेची ही ये-जा शिकायला वेळ लागतो.

तिसरं घराणं खोबणीचं. किंग व्हिजनचं खोबणीचं ब्लेड आणि एअरट्रॅक. नळी आधीच ब्लेडच्या उजव्या अंगाच्या खोबणीत बसवलेली असते, तिची दिशा ठरलेली. स्टायलेट लागत नाही. पण दिशा बदलायची तर अख्खं उपकरण हलवावं लागतं. नवशिका उत्साहानं ब्लेड खोल नेतो, पडदाभर स्वरद्वार दिसतं, नळी पुढे ढकलतो आणि ती स्वरद्वारामागच्या उजव्या अॅरिटिनॉइड कूर्चेच्या उंचवट्यावर ठेचते. उपाय उलटा आहे: थोडं मागे या, किंचित डावीकडे वळवा, दृश्य जरा लहान होऊ द्या. जो जवळ जाण्याचा मोह आवरतो त्याची नळी जाते.

ही गोष्ट नुसत्या अनुभवाच्या बोलण्यावर राहिलेली नाही. २०१६ मध्ये कॅनडातल्या एका गटानं नियोजित शस्त्रक्रियेच्या रुग्णांवर यादृच्छिक चाचणी केली. ग्लाइडस्कोप वापरून एका गटात स्वरद्वार जितकं दिसेल तितकं पूर्ण दाखवायचं, दुसऱ्या गटात मुद्दाम ब्लेड मागे घेऊन निम्म्याहून कमी दिसू द्यायचं. अर्धवट दृश्य असलेल्या गटात नळी लवकर आणि सहज गेली. कारण समजण्यासारखं आहे. ब्लेड मागे घेतलं की स्वरयंत्र कमी उचललं जातं, नळीचा आणि श्वासनलिकेचा कोन जुळतो, आणि नळीला पडद्यावर वळायला जागा मिळते.

हा निकाल वाचला तेव्हा मला १९८४ चा लेख आठवला तो त्या एका हालचालीसाठी. ब्लेड जाणूनबुजून खाली सोडणं. कॉरमॅक आणि लेहेन यांनी तालमीसाठी दृश्य झाकलं होतं, कॅनडातल्या गटानं कामासाठी. पण दोघांनीही एकच गोष्ट हातानं करून दाखवली: दिसणं हे साध्य नाही, आणि ते कमी करूनही रुग्णाचं भलं होऊ शकतं. ज्यांच्या नावानं आपण दृश्याला गुण देतो त्यांनीच दृश्य सोडून द्यायला शिकवलं होतं. मोजपट्टी घेतली आणि मोजपट्टी करणाऱ्यांचा धडा तेवढा राहून गेला.

व्यापक पुराव्यानंही आता यात बराच स्पष्टपणा आणला आहे. कॉक्रेन संस्थेच्या २०२२ च्या आढाव्यात २२२ अभ्यास आणि २६,१४९ रुग्ण आहेत, आणि आढावा व्हिडिओ उपकरणांना याच तीन घराण्यांत विभागतो. साध्या लॅरिंगोस्कोपच्या तुलनेत तिन्ही घराण्यांत नळी न जाण्याचं प्रमाण साधारण निम्म्यावर किंवा त्याहून खाली येतं, पहिल्याच प्रयत्नात यश वाढतं, दृश्य सुधारतं. तीव्र वळणाच्या ब्लेडनं नळी चुकून अन्ननलिकेत जाण्याचं प्रमाणही कमी होतं. दातांच्या इजेत फारसा फरक नाही. शब्द जपून वापरले आहेत, ‘बहुधा’ जागोजागी आहे, आणि तो प्रामाणिकपणा मला आवडतो. मात्र इथे प्रत्येक घराण्याची तुलना साध्या लॅरिंगोस्कोपशी आहे. किंग व्हिजन, मॅकग्राथ आणि सी-मॅक एकमेकांसमोर ठेवले तर कोण, हा प्रश्न उरतोच, आणि तो छोट्या छोट्या अभ्यासांकडे येतो.

असे अभ्यास बऱ्याचदा एमडीच्या प्रबंधातून जन्मतात. त्यांचा साचा ठरलेला: वय १८ ते ६०, प्रकृती धडधाकट, पित्ताशय, हर्निया किंवा स्तनाच्या गाठीसारखी ठरलेली शस्त्रक्रिया, तोंड आणि मान तपासून सोपी वाटलेली. आंध्रातून अमेरिकेत गेलेले शेषगिरी राव मल्लमपट्टी यांनी १९८५ मध्ये जी तपासणी दिली, रुग्णाला बसवून तोंड उघडायला, जीभ बाहेर काढायला सांगायची, तिच्यात पहिल्या-दुसऱ्या वर्गात बसणारे रुग्ण. मग बंद पाकिटातून उपकरण निघतं. वेळ मोजतात, दृश्याची पायरी लिहितात, प्रयत्न मोजतात, नाडी आणि रक्तदाब नोंदवतात, दुसऱ्या दिवशी घसा दुखतो का विचारतात.

टीका करणारे म्हणतात, सोप्या रुग्णांवर अवघडाची उपकरणं तपासून काय मिळणार? मला ही टीका पुरती पटत नाही. सोप्या रुग्णावर अवघडाची तालीम, हाच तर १९८४ च्या लेखाचा आत्मा आहे. या प्रबंधांची खरी कमाई निष्कर्षाच्या तक्त्यात नसेलही. नियोजित शस्त्रक्रियांमध्ये तीन वेगळ्या घराण्यांची उपकरणं हाताखालून गेलेला रेसिडेंट पुढे विट्याला किंवा फलटणला एकटा भूल द्यायला उभा राहतो, ती कमाई तिथे दिसते. खटकतं ते दुसरंच. वेळेचं घड्याळ कुठे सुरू करायचं, ब्लेड दातांपलीकडे गेल्यावर की मास्क काढल्यावर, आणि कुठे थांबवायचं, नळी रज्जूंतून गेल्यावर की कॅप्नोग्राफवर कार्बन डायऑक्साइडची पहिली लाट उमटल्यावर, हे अभ्यासागणिक बदलतं. मग काही सेकंदांच्या फरकावर कुणाला सरस ठरवलं जातं. सॅच्युरेशन, म्हणजे रक्तातल्या ऑक्सिजनचं प्रमाण, पंचाण्णव टक्क्यांच्या वर असलेल्या माणसाला त्या सेकंदांचं काय?

पहिली पायरी मिळाली म्हणून उपकरण चांगलं, हा निष्कर्ष तर सोडूनच द्यायला हवा. मोजायची इतर साधनं आहेत. १९९७ मध्ये फ्रान्सच्या फ्रेडरिक आदने यांनी दिलेल्या अडचणीच्या मापात सात गोष्टी आहेत: किती प्रयत्न, किती माणसं बदलली, किती वेगळ्या युक्त्या, कुठली पायरी, किती जोर लावावा लागला, बाहेरून गळा दाबावा लागला का, रज्जू कोणत्या स्थितीत होते. दृश्य तिथे सातातलं एक आहे. ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलमधून २०१२ मध्ये आलेली मोजणी आणखी सरळ आहे: काय दिसलं, नळी किती सहज गेली, आणि कुठलं उपकरण, कुठलं ब्लेड. गळून पडलेलं अर्धं वाक्य तिनं परत जोडून दिलं आहे.

सातारा-सांगलीत या तुलनेला दोन प्रश्न आणखी जोडावे लागतात, आणि ते परदेशी तक्त्यांत मिळणार नाहीत. पहिला, तोंड किती उघडतं. २०१२ पासून राज्यात गुटख्यावर बंदी आहे, तरी सुपारी-गुटख्यानं गाल आतून ताठ झालेली तरुण माणसं ओपीडीत येतात. तपासणीत ‘आ करा’ म्हटलं की दोन बोटंही जेमतेम जातात. किंग व्हिजनच्या खोबणीच्या ब्लेडला साधारण १८ मिलिमीटर जागा लागते, बिनखोबणीच्या ब्लेडला १३, मॅकग्राथचं ब्लेड १२ च्या आत. या पाच-सहा मिलिमीटरनी इथे निवड ठरते. त्याहून कमी उघडत असेल तर व्हिडिओचा हट्ट सोडून, रुग्ण जागा असतानाच नाकातून फायबरऑप्टिक दुर्बिणीनं जायची तयारी ठेवावी लागते. धडधाकट, मोठ्या तोंडाच्या रुग्णांवरचा प्रबंध या माणसाबद्दल काहीच सांगत नाही.

दुसरा प्रश्न बॅगेचा. आपल्याकडचे पुष्कळ भूलतज्ज्ञ एका रुग्णालयाचे नोकर नसतात. सकाळी इस्लामपूर, दुपारी तासगाव, रात्री बोलावणं आलं तर जत, आणि सगळं सामान त्यांच्याच गाडीत. स्टँडवरचा मोठा पडदा त्यांच्या उपयोगाचा नाही. साध्या पेन्सिल सेलवर चालणारं, हातात मावणारं उपकरण त्यांना हवं. एकदाच वापरायचं ब्लेड रुग्णाच्या बिलात किती भर घालतं हेही त्यांना बघावं लागतं, कारण ते बिल ज्याच्या हाती जातं तो उसाच्या पैशाची वाट बघणारा असू शकतो. ज्या अभ्यासात हे मोजलं जाईल तो कराड-सांगलीच्या रस्त्यावर सर्वाधिक वाचला जाईल.

ऑल इंडिया डिफिकल्ट एअरवे असोसिएशनची मार्गदर्शक तत्त्वं डिसेंबर २०१६ मध्ये ‘इंडियन जर्नल ऑफ अॅनेस्थेशिया’त आली. त्यांच्या पहिल्या लेखिका मुंबईच्या टाटा मेमोरियलमधल्या शीला नैनन मयात्रा. जिथे पुरावा भक्कम नव्हता तिथे भारताची गरज आणि परिस्थिती बघून तज्ज्ञांच्या एकमतानं ठरवलं, असं तिथे मोकळेपणानं सांगितलं आहे. श्वास थांबलेला असताना नाकातून मिनिटाला १५ लिटर ऑक्सिजन चालू ठेवा. पहिला प्रयत्न फसला की मदतीला हाक मारा. सॅच्युरेशन ९५ किंवा त्याहून वर आहे तोवर नळीचे तीनच प्रयत्न. नळी नाहीच गेली तर घशात बसणाऱ्या मास्कचे दोन. नळी गेली की नाही याची खात्री कॅप्नोग्राफनं. घशातला मास्कही फसला तर तोंडावरच्या मास्कनं श्वास द्यायचा एक अखेरचा प्रयत्न, आणि त्यानंतर वेळ न दवडता गळ्याला छेद. किती दिसलं, हा प्रश्न या पायऱ्यांत कुठेही निर्णायक नाही. मोजलं जातं ते ऑक्सिजन आणि प्रयत्न.

या तत्त्वांतली मला सर्वांत मोलाची वाटलेली सूचना शेवटाकडे येते: अवघड गेलं तर रुग्णाला ते समजावून सांगा आणि लेखी इशाऱ्याचा कागद द्या. आपल्याकडे हा कागद मराठीत हवा, घरातल्या माणसाला वाचता येईल असा, फाइलीत सर्वांत वर लावलेला. त्यावर ‘ग्रेड ३’ एवढंच लिहून भागत नाही. कुठलं उपकरण घेतलं, कुठलं ब्लेड, तोंड किती बोटं उघडलं, पडद्यावर किती दिसलं, नळी कुठे अडली, काय केल्यावर गेली, कितव्या प्रयत्नात गेली, मधल्या वेळात मास्कनं श्वास देता येत होता का. कराडला पित्ताशयाची शस्त्रक्रिया झालेली बाई दोन वर्षांनी मिरजेला गर्भाशयासाठी दाखल झाली, तर तिथल्या भूलतज्ज्ञाला हे वाचून स्टायलेट आधीच वाकवून ठेवता येतं आणि जोडीला दुसऱ्या भूलतज्ज्ञालाही आधीच बोलावून घेता येतं.